राक्षसाचा जीव पोपटात, पण ही गोष्ट सांगितली कुणी?

नमस्कार मंडळी! दुष्टाचा जीव दूर कुठेतरी पिंजऱ्यातल्या पोपटात, पोपट मेला की तोही मेला, ही गोष्ट ऐकलीय ना लहानपणी? तशीच एक गोष्ट, त्यात राक्षसाच्या जागी जादूगार आहे, 1868 मध्ये लंडनला छापून आली. पुस्तक 'ओल्ड डेक्कन डेज', कव्हरवर नाव मेरी फ्रिअर, म्हणजे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी.

पण गोष्टी मेरीच्या नव्हत्याच! त्या होत्या अॅना लिबराटा डिसूझा यांच्या, त्या मेरीकडे आया म्हणून कामाला होत्या. 1865-66 च्या हिवाळ्यात गव्हर्नरचा दख्खन दौरा चाललेला, आज इथे तंबू उद्या तिथे, बरोबर दुसरी कुणी बाई नाही, मग बोलायला या दोघीच, आणि त्यातून अॅनाबाई एकेक गोष्ट सांगायला लागल्या, तीही इंग्रजीत. मेरी लिहून घ्यायची आणि परत त्यांनाच वाचून दाखवायची, काही चुकलं नाही ना म्हणून. मला ही पद्धत फार आवडते.

अॅनाबाईंनी गोष्टी ऐकल्या आजीकडून. घराणं मूळचं लिंगायत, कालिकतचं, मग गोव्याजवळ येऊन राहिले आणि तिथे आजोबा ख्रिश्चन झाले. धर्म बदलला पण आजीच्या तोंडी राजे, राण्या, राक्षस तसेच राहिले, घरातल्या गोष्टी कुणी टाकून देतं का हो!

आणि आता सगळ्यात भारी भाग. पुस्तकात गोष्टींच्या आधी अॅनाबाईंची स्वतःची हकिकत आहे. आजी कशी होती, तेव्हाची स्वस्ताई, नवरा गेल्यावर आयाचं काम करून पोरं कशी वाढवली, सगळं. त्या काळात लोककथा गोळा करणारे सांगणाऱ्याला बरेचदा 'एक म्हातारी' म्हणून मोकळे व्हायचे, इथे नाव आहे, आयुष्य आहे. तरी कव्हरवर त्यांचं नाव नाही हे मला खटकतंच, माझ्या मते ते मेरीच्या आधी यायला हवं होतं.

म्हणून एक करा, घरातल्या कुणाची गोष्ट मोबाईलवर रेकॉर्ड कराल तेव्हा सुरुवातीलाच त्यांना विचारा, तुमचं नाव काय, गाव कुठलं, आणि ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली. तेही रेकॉर्डिंगमध्ये राहू द्या, एडिट करताना कापू नका.