आवाज फाटू दे

(सिडकोतल्या घराची मागची खोली. फरशीवर लाल, गोल पेडल. केबल जोडल्याचा खट्ट आवाज.)

गणपतीच्या मंडपात माइक लावणाऱ्याला विचारा, त्याला धास्ती कसली असते. आवाज फाटण्याची. नॉब जरा पुढे गेला की आरतीऐवजी नुसती खरखर येते आणि मागून कुणीतरी ओरडतंच, "अरे, कमी कर!" हे लाल डबडं मात्र आवाज फाटावा म्हणूनच बनवलंय. गिटार आणि स्पीकर यांच्यामध्ये जोडायचं, पायाने दाबायचं पेडल. याचं नाव फझ.

याचा जन्म बिघाडातून झाला. गाव नॅशव्हिल. अमेरिकेतलं हो, पण नाशिककराला ते नाव उगाच ओळखीचं वाटतं. गायक मार्टी रॉबिन्सच्या 1961 साली आलेल्या 'डोन्ट वरी' या गाण्यात ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बास वाजवत होता. मिक्सिंग टेबलचा एक चॅनेल बिघडलेला, त्यामुळे बास मध्येच मधमाश्यांसारखा घोंघावू लागला. तो तुकडा पुसला नाही, तसाच ठेवला. मग ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो बिघाड हुकमी व्हावा म्हणून ट्रान्झिस्टरचं सर्किट तयार करवलं. गिब्सन कंपनीने 1962 मध्ये ते 'माएस्ट्रो फझ-टोन' नावाने विकायला काढलं. सुरुवातीला फारसं कुणी विचारत नव्हतं. 1965 मध्ये रोलिंग स्टोन्सचा गिटारवादक कीथ रिचर्ड्सने 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ते वाजवलं आणि दुकानांतला माल संपला.

माझं पेडल 1966 च्या लंडनच्या 'फझ फेस'ची नक्कल आहे, ओळखीतल्या एका मुलाने सोल्डर करून दिलेली.

(पेडलचं बूड उघडलेलं. कॅमेरा अगदी जवळ.)

बघा, आत किती मोकळं आहे. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कॅपॅसिटर, दोन नॉब. एकूण 11 नग. यात लपवण्यासारखं काही नाही.

तार छेडली की पिकअपमधून, म्हणजे तारांखालच्या चुंबकी तुकड्यातून, विजेची एक लाट निघते, वर जाते, खाली येते. ट्रान्झिस्टर तिला इतकी फुगवतो की नऊ व्होल्टच्या बॅटरीत ती मावतच नाही. मग लाटेची डोकी उडतात आणि ती चौकोनी होत जाते. त्या कापलेल्या कडांमधून मूळ स्वराच्या वरचे नवे स्वर फुटतात. आवाज फाडणारं दुसरं पेडल म्हणजे डिस्टॉर्शन, त्याची गोष्ट जरा वेगळी. 1978 पासून विकलं जाणारं बॉस कंपनीचं केशरी डीएस-1 घ्या: त्यात लाट आधी मोठी होते आणि मग डायोड तिला ठरावीक उंचीवर छाटतात. कापणी बेतशीर, पुढे टोनचा नॉब. फझला एवढा धीर नाही.

आपल्या कानाला हे परकं वाटायचं कारण नाही. तंबोऱ्याची जवारी ऐका. घोडीवर तार किंचित घासते आणि एका षड्जातून स्वरांचा थवा उठतो. यंत्रणा साफ निराळी, पण ओढ तीच. कोरी तार कुणालाच पुरत नाही.

(गिटारवरचा व्हॉल्यूमचा नॉब, त्यावर करंगळी.)

पहिले दोन महिने मी पेडलचेच नॉब पिळत बसलो. चूक. फझ ओळखायचं असेल तर हात गिटारच्या नॉबवर हवा. पूर्ण उघडा, भिंत कोसळते. आता थोडा मागे घेतो... ऐकलंत? तीच तार, काचेसारखी स्वच्छ. मात्र गिटारची केबल थेट फझमध्येच यायला हवी. मध्ये बफरवालं, म्हणजे सिग्नल सावरून पुढे पाठवणारं, पेडल आलं, की ही जादू बरीचशी जाते.

आता याचा खोडसाळपणा. यातले ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे. ऊन तापलं की त्यांच्यातून करंट झिरपतो, बेत बिघडतो. जानेवारीत, निफाडकडे पारा घसरल्याच्या बातम्या येतात तेव्हा, हे पेडल लोण्यासारखं वाजतं. एप्रिलच्या दुपारी मात्र सूर गुदमरतो, तुटतो. मी एकदा याला माठाशेजारी ठेवलं होतं. आई काही बोलली नाही, फक्त माठ हलवला.

दुसरी खोड मला महागात पडली. याचं अर्थिंग उलटं, म्हणजे बॅटरीचं धन टोक जमिनीला. बाकी पेडलांच्या एकाच अडॅप्टरवर मी हेही जोडलं. क्षणात सगळी गप्प, अडॅप्टर गरम. तेव्हापासून याला स्वतःची बॅटरी.

(खिडकी. बाहेर पांढरं ऊन. वरून घंटीचा बारीक आवाज.)

आत्ता दुपारचे चार वाजलेत, खोली तापलेली आहे. वरच्या काकू काल जिन्यात म्हणाल्या, "काय रे, तुझा तो स्पीकर अजून दुरुस्त नाही झाला?" मी म्हटलं, "नाही काकू, तो असाच असतो." त्यांची सांजवात सातपर्यंत आटोपते. तोवर हवाही जरा गार होईल.

(पेडलचं बटण. खट्ट.)