विषाणू गेला, पेशी म्हाताऱ्या झाल्या

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली फुप्फुसाचा काप. फिकट जाळीत मध्येच निळे ठिपके.)

हे निळे ठिपके बघा. नमुन्यावर एक खास रसायन टाकलं, की म्हाताऱ्या झालेल्या पेशी निळ्या पडतात. १९९५ पासून प्रयोगशाळांमध्ये त्यांची अशी ओळखपरेड चालते. आता हे फुप्फुस म्हाताऱ्या माणसाचंच असेल, असं मात्र नाही.

१९६१ साली फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी मानवी गर्भातल्या पेशी बाटल्यांमध्ये वाढवल्या. साधारण ५० विभाजनं झाली आणि पेशी थांबल्या. मेल्या नाहीत, नुसत्या थांबल्या. पेशीचं म्हातारपण म्हणजे हेच थांबणं.

विषाणू ५० ची वाट बघत नाही, पेशीला आधीच थांबवतो.

(दृश्य: वायुकोशाचं ॲनिमेशन.)

वायुकोश म्हणजे फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे. त्यांच्या अस्तरात टाइप-टू नावाच्या पेशी असतात. वायुकोश मिटू नयेत म्हणून लागणारा साबणासारखा द्रव त्याच बनवतात. अस्तर फाटलं तर विभाजित होऊन ते सांधतातही त्याच. विषाणू आत शिरला, डीएनएला इजा झाली, की पी१६, पी२१ ही प्रथिनं विभाजनाला ब्रेक लावतात. यात शरीराचं शहाणपणच आहे. बिघडलेल्या पेशीनं आपल्यासारख्या आणखी चार कशाला कराव्यात? पण दुरुस्ती करणारीच थांबली, तर अस्तर सांधणार कोण? तिथे मग व्रण धरतो.

आणि थांबलेली पेशी गप्पही बसत नाही. निवृत्त साहेबानं रोज ऑफिसात येऊन सगळ्यांना फैलावर घ्यावं, तशी ती इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ असे दाह पेटवणारे रेणू सोडत राहते.

(दृश्य: बर्लिन. शारिटे रुग्णालयाची इमारत.)

या दाहाचा माग बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या क्लेमेन्स श्मिट यांच्या गटानं काढला. २०२१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत त्यांचा शोधनिबंध आला. कोविड रुग्णांच्या श्वसनमार्गात अशा थांबलेल्या पेशींच्या खुणा सापडल्या. मला त्यातला एक साधा प्रयोग सगळ्यात बोलका वाटतो. विषाणूमुळे म्हाताऱ्या झालेल्या पेशी ज्या द्रवात होत्या, तो नुसता द्रव घेतला. तेवढ्यानंही रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींनी आपली चिकट जाळी फेकली, प्लेटलेट्स जाग्या झाल्या, रक्त गोठवणारी साखळी सुरू झाली. गंभीर कोविडमध्ये डॉक्टरांना छळणाऱ्या गुठळ्या आठवा.

मग बाधित हॅमस्टर आणि उंदरांना म्हाताऱ्या पेशी वेचून मारणारी औषधं दिली: नॅव्हिटोक्लॅक्स, फिसेटिन, डॅसॅटिनिब-क्वेर्सेटिनची जोडी. फुप्फुसाचा आजार सौम्य झाला, दाह उतरला.

फिसेटिन स्ट्रॉबेरीत असतं. म्हणून कुणी महाबळेश्वरची गाडी पकडू नये. प्रयोगातली मात्रा फळांतून मिळत नाही. नॅव्हिटोक्लॅक्सनं प्लेटलेट्स घटतात. शिवाय जखम भरून यायलाही अशाच काही थांबलेल्या पेशी थोडा काळ लागतात. त्यामुळे कुठल्या पेशी काढायच्या, आणि आजाराच्या कितव्या दिवशी, यावर संशोधकांचं घोडं अजून अडलंय.