मास स्टार्ट: सोळा फेऱ्यांचा डाव

बर्फावरचं स्पीड स्केटिंग म्हटलं की डोळ्यांसमोर दोन खेळाडू येतात. दोघांच्या लेन वेगळ्या आणि खरी झुंज घड्याळाशी. मास स्टार्ट या त्यातल्याच शर्यतीत मात्र घड्याळाला फारशी किंमत नाही. सगळे एकत्र सुटतात आणि ४०० मीटरच्या ट्रॅकवर सोळा फेऱ्या मारतात, म्हणजे ६,४०० मीटर. लेनचं बंधन नाही. पहिली फेरी शांतपणे काढायची, मग खेळ सुरू. हेल्मेट सक्तीचं, कारण स्केट्सच्या पात्यांना धार असते आणि घोळक्यात एक पडला तर दोघातिघांना घेऊन पडतो.

मला सगळ्यात आवडते ती गुणांची रचना. चौथ्या, आठव्या आणि बाराव्या फेरीअखेर पहिल्या तिघांना ३, २, १ गुण. अंतिम रेषेवर ६०, ४०, २०, १०, ६, ३. आता हिशेब करा. मधले तिन्ही स्प्रिंट जिंकले तरी पदरात ९ गुण. शेवटी चौथा आलात तर १० आणि ९, एकोणीस. तिसऱ्याचे २०. म्हणजे पदकं अंतिम रेषेवरच ठरतात, मधल्या गुणांनी ती हलत नाहीत. पण पाचव्याचे ६ आणि ९ मिळून १५ होतात आणि तो चौथ्याच्या पुढे जातो! ज्याला शेवटच्या स्प्रिंटची खात्री नाही, त्याला घरी रिकाम्या हातानं जावं लागू नये, एवढी सोय त्यात आहे. ज्यांनी हे आकडे बसवले, त्यांना मनापासून दाद द्यावीशी वाटते.

आता २०२१-२२ चा मोसम घ्या. नोव्हेंबरमध्ये पोलंडच्या तोमाशुफ माझोव्येत्स्कीत वर्ल्ड कपची मालिका सुरू झाली, मग स्टॅव्हँगर, सॉल्ट लेक सिटी, कॅलगरी. फेब्रुवारीत बीजिंग ऑलिंपिक, मार्चमध्ये हीरेनवीनला समारोप. तीच माणसं पुन्हा पुन्हा समोर येतात, त्यामुळे कोण केव्हा सुटतो, कोण दुसऱ्याच्या आडोशाला दम राखतो, हे सगळ्यांना पाठ होतं. पुढचा वारा कापतो, मागच्याची ताकद वाचते. म्हणून पुढे राहायला कुणी राजी नसतो आणि फार मागे राहिलं तर शेवटी वाट मिळत नाही. मोसमभर फॉर्मात असलेल्याची तर आणखी पंचाईत, कारण सगळी नजर त्याच्यावरच.

बीजिंगमध्ये बेल्जियमचा बार्ट स्विंग्स जिंकला, तो या सगळ्या नजरा चुकवून. १९४८ नंतर बेल्जियमला हिवाळी ऑलिंपिकमध्ये मिळालेलं ते पहिलं सुवर्ण. स्विंग्स इनलाइन स्केटिंगमधून, म्हणजे चाकांच्या स्केट्सवरून आलेला. चौथा आलेला अमेरिकेचा जोई मँटियाही तिथलाच, आणि तो २०१७, २०१९ आणि २०२१ चा विश्वविजेता. घोळक्यात शर्यत कशी खेळायची, हे दोघंही बर्फावर येण्याआधीच शिकले होते.

पण माझं मन अडकतं ते रौप्यपदकात. २०१८ मध्ये प्याँगचांगला ही शर्यत पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली तेव्हा कोरियाचा चुंग जे-वन अवघा सोळा वर्षांचा होता. पुढे निसटलेल्यांना गाठायला घोळक्याला ओढण्याचं कष्टाचं काम त्यानं केलं, स्वतः आठवा आला आणि सुवर्ण ली सुंग-हूनला मिळालं. बीजिंगमध्ये तोच चुंग स्वतःसाठी धावला. दुसरा आला. तिसऱ्या क्रमांकावर, त्याच्या मागे, ली सुंग-हून होता.