उतारावरची थंडी

(पहाट. वेण्णा लेकचा काठ. गवतावर पांढरा थर.)

जानेवारीत दरवर्षी एकदा तरी ही बातमी येतेच, महाबळेश्वरला वेण्णा लेकला हिमकण. जेट्टीवर, गाड्यांच्या टपावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पडलेलं दव गोठतं आणि मग लोक गाड्या काढून फोटो काढायला पळतात. आता गंमत अशी की त्याच पहाटे वर बाजारपेठेत तेवढी थंडी नसते, आणि वेण्णा लेक तर बाजारापेक्षा खाली आहे. उंचावर जास्त गार असतं असं आपण शाळेत शिकलो ना, मग हे उलटं कसं? तर आभाळ निरभ्र असलं, वारा पडलेला असला की रात्री जमीन पटापट थंड होते, तिला लागून असलेली हवा पण थंड होते, थंड हवा जड, ती उतारावरून घरंगळत खोलगट जागेत जाऊन बसते. वेण्णा लेक, लिंगमळा, या सगळ्या अशा खोलगट जागा.

हे सायकलवाल्याला कशाला माहीत पाहिजे ते पुढे येईलच.

(सायकलींच्या लाईट्सची रांग. हायवे.)

पुण्यातून हिवाळ्यात दर शनिवार-रविवारी कोणी ना कोणी सायकलवर महाबळेश्वरला निघालेलं असतं. साधारण १२० किलोमीटर. कात्रज, खेड शिवापूर, नीरेचा पूल, शिरवळ, खंबाटकी, सुरूर फाटा, वाई आणि मग पसरणी घाट. शनिवारी पहाटे निघायचं, वर मुक्काम, रविवारी पहाटे खाली. आणि निघताना कात्रजच्या चहाच्या टपरीवर बघितलं की कळतं कोण नवीन आहे. नवीन माणूस म्हणजे आत बनियन, वर टीशर्ट, वर स्वेटर, वर जर्किन, कानटोपी, सगळं एकदम घातलेलं. बिचारा टपरीवर मस्त उबेत असतो. जुना खोड मात्र कुडकुडत उभा असतो, पातळ जर्सी, हातांवर आर्म वॉर्मर म्हणजे काढता-घालता येणाऱ्या सुट्या बाह्या, बस. विचारलं तर म्हणतो दहा मिनिटांत गरम होईल. आणि होतं.

होतं कारण सायकल चालवताना आपण जी ताकद लावतो तिचा जेमतेम पाव भाग पेडलला पोचतो, बाकीची सगळी उष्णता बनून अंगातून बाहेर पडते. म्हणजे घाटात पेडलवर दीडशे वॅट लावले तर साडेचारशे ते सहाशे वॅट नुसती उष्णता, घरातली इस्त्री चालू करून पोटाशी धरल्यासारखं. त्यावर स्वेटर आणि जर्किन म्हटल्यावर काय होणार, खंबाटकी चढेपर्यंत माणूस आतून चिंब. बाहेर आठ-दहा डिग्री आणि आत घामाच्या धारा. आणि घाटमाथ्यावर पोचून पाणी प्यायला थांबला की पाचव्या मिनिटाला हुडहुडी.

पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट जास्त वेगाने उष्णता ओढून नेतं. कॉटनचा बनियन घाम पिऊन घेतो आणि सोडत नाही, अंगाला चिकटून बसतो. त्यामुळे आतला थर कॉटनचा नको, एवढं जरी ऐकलंत तरी अर्धी लढाई जिंकली. साधा पॉलिएस्टरचा स्पोर्ट्स टीशर्ट चालतो, तीनशे-चारशे रुपयांचा. मेरिनो लोकरीचा असला तर सोन्याहून पिवळं, पण महाग आहे आणि आपल्याकडच्या थंडीला त्याच्यावाचून काही अडत नाही. लोकरीचं काम धनगरांना विचारा. घोंगडी पावसात भिजली तरी अंगावरून काढत नाहीत ते, कारण लोकर ओली असताना पण ऊब धरून ठेवते. आता घोंगडी घेऊन सायकल चालवा असं मी म्हणत नाहीये.

(जुने कृष्णधवल फोटो. मग बर्फातला घाट.)

थोडं लांब जाऊ. इटली, ५ जून १९८८. जून म्हणजे तिकडे उन्हाळा, पण गाविया नावाच्या २६०० मीटरहून उंच घाटात त्या दिवशी बर्फ पडत होता आणि जिरो द'इटालिया ही शर्यत त्याच घाटातून जाणार होती. बहुतेक सगळे रायडर नेहमीच्या कपड्यांत. अमेरिकन अँडी हॅम्पस्टनच्या टीमने मात्र सकाळीच स्कीइंगच्या दुकानातून हातमोजे, टोप्या असलं सगळं सामान उचललं होतं आणि ते घाटात वर द्यायची व्यवस्था केली होती. आणि एक डच रायडर होता योहान व्हान डर व्हेल्डे, तो सगळ्यात आधी माथ्यावर पोचला, अर्ध्या बाह्यांची जर्सी घालून. चढावर त्याला कोणी गाठू शकलं नाही. पण उतार सुरू झाल्यावर माणूस इतका गारठला की त्याला वाटेत थांबून आसरा घ्यावा लागला आणि पहिला माथ्यावर पोचलेला तो दिवसाअखेर पाऊण तासाहून जास्त मागे पडला. स्टेज, म्हणजे त्या दिवसाचा टप्पा, एरिक ब्रॉइकिंकने जिंकली, हॅम्पस्टन त्याच्या मागोमाग दुसरा आला, त्याच दिवशी गुलाबी जर्सी, म्हणजे एकूण शर्यतीत सगळ्यात पुढे असणाऱ्याची, त्याच्या अंगावर आली आणि पुढे ती जिरो पण त्याने जिंकली. असं करणारा तो पहिला अमेरिकन.

म्हणजे त्या दिवशी चढ सगळ्यांचा सारखाच होता हो. फरक पडला तो माथ्यावर कोणाकडे काय कोरडं होतं यात. म्हणून मी सारखं म्हणतो की कपडे चढासाठी घालायचे आणि उतारासाठी सोबत न्यायचे. घालून नाही न्यायचे, बांधून न्यायचे.

(पाचगणी. पहाटेची सहा. श्वासाची वाफ.)

आता रविवार. पाचगणीहून खाली वाईकडे निघायचंय. पाचगणी तेराशे मीटरच्या आसपास, वाई सातशेच्या. दहा-बारा किलोमीटर नुसता उतार, पेडल मारायचं काम नाही, म्हणजे ती आतली भट्टी बंद. वेग तीस-चाळीस. हवा आठ डिग्री असेल आणि तुम्ही ३५ च्या स्पीडने जात असाल तर उघड्या चेहऱ्याला ती साडेतीन-चार डिग्रीसारखी लागते. आणि हा हिशोब कोरड्या कातडीचा आहे, घामेजलेल्याचं विचारूच नका.

इथे स्वेटर कामाचा नाही. हे लोकांना पटत नाही, पण विणलेल्या स्वेटरमधून वारा आरपार जातो. पाहिजे विंडचीटर. अगदी पातळ, मुठीत मावेल असला, पण वारा अडवणारा. आणि तो नसेल तर वर्तमानपत्र. हसू नका, युरोपातले जुने व्यावसायिक रायडर घाटमाथ्यावर लोकांकडून पेपर घ्यायचे आणि जर्सीच्या आत छातीवर सरकवायचे, त्यांचं शतकभर यावर भागलंय. पद्धत अशी, रविवारचा जाड अंक घ्यायचा, दोन-तीन पानं एकात एक ठेवून एक घडी घालायची, आणि जर्सीची चेन अर्धी उघडून बेंबीपासून गळ्यापर्यंत येईल असा आत बसवायचा. चेन लावली की कागद कुरकुरतो, जरा विचित्र वाटतं, पण पहिल्या वळणावरच फरक कळतो. पाठीला लावायची गरज नाही, वारा समोरून येतो. खाली पोचेपर्यंत कागद दमट होतो, तो काढून टाकायचा, कचरापेटीत, घाटात नाही. चकचकीत पुरवणी घेऊ नका, तो कागद दमटपणा धरत नाही आणि आत घसरत राहतो.

(हात. ब्रेक लिव्हरवर बोटं.)

बोटांचं मात्र सगळ्यात अवघड. शरीराला थंडी वाजली की ते हातापायांचं रक्त आवरतं घेतं, काळीज-पोट आधी वाचवतं, बोटं गेली उडत. आणि घाट उतरताना सगळा जीव त्या बोटांवर असतो. बर्नार्ड इनो, फ्रान्सचा, पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकलेला. १९८० च्या एप्रिलमध्ये बेल्जियममध्ये लिएज-बास्तोन-लिएज या शर्यतीत बर्फ पडत होता, सुरुवात केलेल्या १७४ जणांपैकी शेवटपर्यंत २१ पोचले. इनोने ती साडेनऊ मिनिटांच्या अंतराने जिंकली, पण हाताच्या दोन बोटांना हिमदंश झाला तो कायमचा. इनोसारख्या गड्याची ही गत.

आपल्या पसरणीत हिमदंश होणार नाही, पण बोटं बधिर होऊन ब्रेक नेमका किती दाबला गेला हे कळेनासं होतं, तेवढं पुरेसं आहे. पातळ लोकरी हातमोजे आणि त्यावर एक माप मोठे, वारा अडवणारे. मोटारसायकलचे रस्त्यावर मिळतात ते पण चालतील, फक्त ब्रेक नीट पकडता येतोय का ते घरी बघा, घाटात नाही. मेडिकलमधले रबरी ग्लोव्हज आत घालतात काही जण, ते उतारापुरते ठीक, चढावर हाताला घाम सुटतो आणि मग तोच गार पडतो.

पायाचं उलटं आहे. लोक दोन जाड मोजे घालतात आणि बूट गच्च होतो, रक्त फिरत नाही, पाय जास्त गार पडतात. त्यापेक्षा एकच मोजा, बुटाच्या जाळीवर बाहेरून चिकटपट्टी, आणि फारच असेल तर मोज्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी. दिसायला कसंतरीच, पण पाहणारं आहे कोण.

कानाचं सांगायचं तर आपल्याकडे सगळ्यात भारी तोडगा कोणाकडे आहे माहितीये? सकाळी सातच्या शाळेला सायकलवर जाणाऱ्या गावाकडच्या मुलींकडे. स्कार्फ कपाळावरून, कानावरून, नाकावरून घेऊन मागे अशी काही गाठ मारतात की फक्त डोळे उघडे. कान झाकले, नाकाला कोमट श्वास, आणि टोक कुठेही लोंबत नाही. तेच आम्ही बफ म्हणून पाचशे रुपयाला घेतो. मफलरवाल्यांनी मात्र सांभाळा, त्याची टोकं आत खोचा, चाकात गेलं तर निस्तरणं कठीण. आणि हेल्मेटच्या आत जाडी कानटोपी नको, हेल्मेट डोक्यावर बसतच नाही नीट, तरंगतं नुसतं.

(घाटाची वळणं. खाली वाईवर धुकं.)

बघा, आता ती वेण्णा लेकवाली गोष्ट. पाचगणीहून निघाल्यावर मधल्या वळणांवर जरा बरं वाटायला लागतं, माणूस म्हणतो चला, खाली चाललोय, ऊब वाढणार, आणि विंडचीटरची चेन उघडतो. पण रात्रभरची थंड हवा सगळी खाली कृष्णेच्या खोऱ्यात साठलेली असते. शेवटच्या टप्प्यात अचानक गारठ्याचा लोंढा अंगावर येतो, विहिरीत उतरल्यागत. शनिवारी पहाटे येताना नीरेच्या पुलावर पण तेच, उसाच्या शेताजवळून जाताना पण तेच. सगळ्यात गार वेळ पण सूर्य उगवायच्या सुमारासच असते, पहाटे तीनला नाही. तेव्हा चेन उघडायची घाई करू नका.

उतरताना काकडायला लागलात, हँडल थरथरायला लागलं, तर थांबा. अंग थरथरलं की सायकल पण थरथरते आणि घाबरून माणूस हँडल अजून आवळून धरतो, की अजून थरथर. रस्ता दवाने ओला असतो, वळणात ते नको. बाजूला घ्या, सायकल हातात धरून पाच मिनिटं चढावर उलटे चाला. हो, वरच्या दिशेने. भट्टी परत पेटते. बरोबरचा कोणी बोलताना अडखळायला लागला, बोबडी वळली, किंवा साधी पिशवीची चेन त्याला उघडता येईना, तर त्याला पुढे जाऊ देऊ नका, त्याचे ओले कपडे बदला आणि जी पहिली गाडी दिसेल तिला हात करा. यात हिरोगिरी नको.

पाण्याचं लोक विसरतात. थंडीत तहान कळत नाही आणि लघवीला मात्र सारखं जावं लागतं, त्यामुळे दुपारी डोकं धरतं आणि माणूस म्हणतो वारा लागला. घोट घोट पीत राहायचं. खायला संक्रांतीचे दिवस आहेत, गूळपोळी, तिळाची वडी, खिशात मावतं आणि हातमोजे न काढता खाता येतं. ओठ फुटत असतील तर कोकमचं तेल, गरम करून बोटाने लावायचं, आदल्या रात्रीच.

(वाई. चहाचे ग्लास. उन्हाची तिरीप.)

वाईत पोचल्यावर सगळे आधी चहाला धावतात. थांबा जरा. आधी ओला टीशर्ट काढा, पाठ पुसा, कोरडा घाला, मग चहा. कारण थांबल्यावर पण थोडा वेळ अंग गार होत राहतं, हातापायातलं गार रक्त परत आत फिरतं ना, म्हणून माणूस टपरीवर बसल्यावर जास्त कुडकुडतो. आणि बधिर बोटं गरम ग्लासाला गच्च चिकटवू नका, चटका बसलेला कळत नाही, काखेत धरा दोन मिनिटं.

(दुपार. हायवे. कडक ऊन.)

आणि मग आपल्या हिवाळ्याची खरी कटकट सुरू होते, जी त्या गावियातल्या सायकलवाल्यांच्या वाट्याला आली नव्हती. अकरा वाजता शिरवळला पोचतो तेव्हा सकाळच्या आठ डिग्रीचे अठ्ठावीस झालेले असतात. आता ते विंडचीटर, हातमोजे, स्कार्फ, आर्म वॉर्मर, सगळं कुठे कोंबायचं? जर्सीच्या मागच्या तीन खिशांत बसेल तेवढंच घरून निघताना घ्यायचं. जाडजूड जर्किनवाला इथे अडकतो, कमरेला बाह्या बांधून चालवतो, ते घसरून मागच्या चाकावर जातं, दर दोन किलोमीटरला थांबतो. आर्म वॉर्मर मनगटापर्यंत खाली ओढून ठेवले तरी चालतात. विंडचीटरची घडी पेपरसारखी सपाट करून मधल्या खिशात. हातमोजे सीटखालच्या पिशवीत. आणि नाक आणि मानेला सनस्क्रीन लावा, कारण खेड शिवापूरपर्यंत पोचता पोचता कातडी सोलून निघते.