बागेत आधी पाणी बघा

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात कोलशेत-ढोकाळी भागात साडेवीस एकरांवर एक मोठं उद्यान आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. पाटीवरचं नाव ‘नमो ग्रँड सेंट्रल पार्क’. रिक्षावाल्याला ‘सेंट्रल पार्क’ एवढं सांगितलं तरी पुरतं. तिथं चार धाटणींच्या बागा केल्या आहेत : मुघल, चिनी, जपानी आणि मोरोक्कन. बहुतेक मंडळी एका बागेत फोटो काढतात, पुढच्या बागेत जातात, तिथंही फोटो काढतात आणि भेळेची गाडी शोधत बाहेर पडतात. काढा की फोटो, माझी काही हरकत नाही. मी फक्त एक सुचवणार आहे. कुठल्याही बागेत शिरलात की कमानी, छत्र्या, पॅगोडे नंतर बघा. आधी पाणी शोधा. ते सरळ जातं की वळणं घेतं? उघडं मांडलंय की नुसतं ऐकू येतंय? की मुळातच नाही? ज्या मुलखात ती बाग जन्मली तिथली हवा, तिथला पाऊस आणि तिथल्या माणसांचा स्वभाव, हे सगळं त्यावरून समजतं.

मुघल धाटणीपासून सुरुवात करू, कारण तिचा नमुना आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलाय. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा आठवा. दारातून आत गेलं की मकबऱ्याच्या दिशेनं सरळ गेलेला पाण्याचा पट्टा आणि त्यात ओळीनं कारंजी. ही चारबाग. जागेचे पाटांनी आणि वाटांनी चार भाग पाडायचे, ही रीत इराणकडची, आणि तो मुलूख कोरडा. पाणी मिळणंच कठीण, म्हणून मिळालेलं पाणी देव्हाऱ्यात मूर्ती मांडावी तसं मधोमध मांडायचं. बाबर १५२६ मध्ये पानिपत जिंकून आग्र्याला आला. ऊन, धूळ याबद्दल त्याची कुरकुर होतीच, पण इथल्या बागांत वाहतं पाणी नाही हे त्याला फार खटकलं. मग त्यानं यमुनेकाठी रहाटानं पाणी वर चढवून बाग आखली. पुढे काश्मीरमध्ये जहांगीरनं १६१९ च्या सुमारास शालिमार बाग करायला घेतली, तेव्हा डोंगराचा उतार आयताच मिळाला. अशा उतरत्या बागांत दोन टप्प्यांच्या मध्ये तिरकी, कोरीव दगडी फरशी बसवतात. तिला ‘चादर’ म्हणतात. कोरीव नक्षीला अडखळत पाणी खाली येतं, म्हणून ते फेसाळतं, उन्हात चमकतं आणि खळखळतं. पाणी थोडकंच, पण थाट ओढ्याचा. हल्ली अनेक ठिकाणी गुळगुळीत टाइल्सवरून पाणी सोडलेलं दिसतं. मला ते बघून हळहळ वाटते. टाइल्सवर पाणी नुसतं घसरतं, आवाज म्हणून नाही.

मोरोक्कोची बाग मुघल बागेची चुलत बहीणच. तिथंही चार भाग आणि मध्ये पाणी. पण मुघल बाग दिमाख मिरवते, तर मोरोक्कोची बाग घराच्या आत, भिंतींआड दडून असते. रस्त्यावरून जाणाऱ्याला नुसती कोरी भिंत दिसते. आतल्या चौकात छोटं कुंड, कडू संत्र्याची झाडं आणि हातानं तासून बसवलेल्या रंगीत टाइल्सच्या तुकड्यांची नक्षी. मोरोक्कोतल्या माराकेश शहराला पूर्वी ॲटलस पर्वताकडून जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी आणत. उघड्या पाटातून आणलं असतं तर वाटेतच वाळून गेलं असतं. त्या कोरड्या हवेत कुंडातलं पाणी भराभर वाफ होऊन उडतं, आणि त्यामुळे चौक खरोखर गार होतो.

आता हाच चौक ठाण्यात करून बघा. मे महिन्यात आपल्या हवेत आधीच इतकी वाफ भरलेली असते की कारंज्याचं पाणी फारसं उडतच नाही. त्यामुळे कारंज्याशेजारी बसलो तरी घाम काही थांबत नाही. डोळ्यांना गार वाटतं, अंगाला नाही. आपल्याकडे गारवा मिळतो तो सावलीतून आणि वाऱ्यातून. म्हणून दुपारी मोरोक्कन बाग बघायला गेलात तर निळ्या टाइल्सचं कौतुक करा आणि बसायला मात्र दाट पानांचं झाड गाठा.

चिनी बागेत पाणी सरळ रेषेत जात नाही. सुचौ शहरातल्या जुन्या बागा या शैलीचा मानदंड मानल्या जातात. तिथल्या तळ्याचा शेवट कुठं आहे हे मुद्दाम कळू दिलेलं नसतं. पाणी कुठं पुलाखाली शिरतं, कुठं खडकाआड वळतं, आणि वाटतं की पुढे अजून बरंच आहे. पूलसुद्धा नागमोडी, कारण प्रत्येक वळणावर माणसानं थांबावं आणि त्याला वेगळं काहीतरी दिसावं. खडकांचं तर तिथं फारच वेड. सुचौजवळच्या थाय तलावातला भोकाभोकांचा चुनखडीचा दगड त्यांना सर्वांत प्रिय. दगडाला हवा तसा आकार यावा म्हणून तो पुन्हा पाण्यात बुडवून वर्षानुवर्षं ठेवत. आपला सह्याद्रीचा काळा बेसाल्ट असल्या लाडांना दाद देणारा नाही.

आणि जपानी बाग. तिचा एक प्रकार असा की पाणी अजिबात नाही. पांढरी खडी दाताळ्यानं ओढून लाटा उमटवायच्या आणि त्यात दगड बेटांसारखे ठेवायचे. क्योटोच्या र्‍योआन-जी मंदिरात अशी जगप्रसिद्ध बाग आहे. दगड पंधरा, पण मंदिराच्या ओसरीवर कुठंही बसा, एखादा तरी नजरेआड राहतोच. क्योटोत पाऊस चांगला पडतो बरं का. म्हणजे पाणी नाही म्हणून खडी आली, असं नाही. पाणी असून त्याला बाजूला ठेवण्यात त्यांना गोडी वाटली. ठाण्यात ही बाग सांभाळणं म्हणजे माळ्याची सत्त्वपरीक्षा. जूनचा पहिला पाऊस झाला की आठवड्यात खडीतून टाकळा डोकं वर काढतो, आणि एकदा श्रावणसरी सुरू झाल्या की लाटांच्या जागी कुरण.

मागचा डोंगर बागेचाच भाग वाटेल अशी बागेची आखणी करायची, ही चिनी-जपानी माळ्यांची आणखी एक खुबी. त्याला ते उसनं घेतलेलं दृश्य म्हणतात. ठाण्याला येऊरचा डोंगर आहे, पण उसना मागायला गेलं की मध्ये टॉवर येतात.

आता बघा, हे चारही पाहुणे. ठाणे-नवी मुंबईचा पाऊस साधारण अडीच हजार मिलिमीटर, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्याशिवाय दिवसातून दोनदा खाडीचं खारं पाणी वर येतं आणि उतरतं. असल्या पाण्याची बाग कशी असते? ती बघायला मी ऐरोलीला जाते. ठाण्याहून वाशीकडे जाणारी गाडी पकडली की दिघा, मग ऐरोली. तिथं खाडीकाठी किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे आणि पलीकडे फ्लेमिंगो अभयारण्य. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर यादीत जागा मिळाली, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत ती आता मोजली जाते.

तिथली तिवराची झाडं नीट बघा. चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून त्यांची मुळं पेन्सिलीएवढी होऊन जमिनीतून वर येतात आणि हवा घेतात. पाण्यातून आलेलं जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकलं जातं. कोरड्या दिवशी पानावरून बोट फिरवून ते चाटून पाहा, खारट लागेल. इथं कारंजं नाही, पाट नाही, माळीही नाही. सगळी आखणी भरती-ओहोटीची.

मात्र जायचं ते ओहोटीला, नाहीतर मुळं पाण्याखाली. वेळ काढायचा हिशेब आपल्या कोळी बांधवांकडून घ्या. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, आणि तिथून साधारण सहा तासांनी, नऊच्या आसपास, ओहोटी. खाडीत आतपर्यंत पाणी पोचायला थोडा जास्त वेळ लागतो, तेवढा धरून चाला. तेव्हा चतुर्थीच्या मागेपुढे येणारा एखादा रविवार गाठा आणि साडेनऊच्या सुमाराला तिथं पोचा. नेमकी संकष्टी आली, तर डब्यात साबुदाण्याची खिचडी घ्यायला विसरू नका.