तुमची नदी, आमची नदी

सांगलीकर मंडळी, गेल्या आठवड्यात मी इथं अमेरिकेत पोळ्या लाटत होते. ओट्यापाशी अभ्यासाला बसलेली माझी लेक एकदम म्हणाली, "आई, इंडिया हे नाव नदीवरून आलंय. तुमच्या नदीवरून." तिचं बरोबरच होतं. पण ती 'आपल्या' म्हणाली नाही, तेवढं मात्र लागलं.

मग पोळ्या बाजूला ठेवून तिला सांगत बसले. सिंधूपलीकडचे इराणी लोक 'स'चा 'ह' करायचे. आपला सप्ताह आणि बँकेचा हप्ता, दोन्ही त्याच सातातून आलेले. तसाच सिंधूचा हिंदू झाला. इराणच्या दरायस राजाच्या अडीच हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत 'हिंदुश' आहे. ग्रीकांनी तो 'ह'ही गाळला, इंडोस म्हटलं, त्यावरून इंडिया. लेकीनं नकाशावर बोट ठेवलं, "पण नदी तर जास्त पाकिस्तानात आहे!" आहेच. तिबेटात उगम, आपल्याकडं लडाखातून जाते, मग तिकडं.

म्हटलं, "अगं, आमची नदी म्हणजे कृष्णा." बोलून गेले आणि लक्षात आलं, मीही 'आमची'च म्हणाले.

२०१९ च्या ऑगस्टमधला कृष्णेचा महापूर आठवतोय ना? 'सांगलीत आयर्विन पुलाला पाणी किती फूट?' एवढं विचारायला रात्ररात्र फोन लावत होतो आपण. ४५ ला धोक्याची पातळी, आणि पाणी ५७ च्या वर! त्यातलं आपण पोरांना काय सांगितलं? रागावू नका, पण सुट्टीत सांगलीला जाऊन आपण लग्नं उरकतो, भडंगाची पाकिटं भरतो आणि परततो. पोरांना कृष्णेच्या घाटावर किती जणांनी नेलं? मी नाही नेलं.

लेक रोज शाळेला जाते ती इथल्या ओहायो नदीच्या पुलावरून. सेनेका या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत ओहायो म्हणजे चांगली नदी. १८०३ मध्ये राज्य झालं, त्यालाही तेच नाव. सेनेकांना मात्र पुढं इथून घालवून दिलं. हे सांगितलं तशी ती बराच वेळ गप्प बसली. झोपताना विचारलंन, "मग माझी नदी कुठली?"

डिसेंबरची तिकिटं काढलीत. तिला हरिपूरला नेणार आहे, वारणा कृष्णेला मिळते तिथं, पाण्यात पाय सोडून बसायला. तिथंही ती 'तुमची नदी'च म्हणाली तर मी काय बोलू, ते अजून सुचलेलं नाही.