ट्रॉलीचा हूक आणि हायड्रॉलिकचा दाब

ट्रॅक्टर ओढता ओढता मागे का उलटतो, तिथूनच सुरुवात करू. मागची चाकं रुतली आहेत, ओझं हलत नाही आणि तुम्ही क्लच सोडलात. चाक फिरेना म्हटल्यावर इंजिनाचं बळ ट्रॅक्टरचं धूडच मागच्या ॲक्सलभोवती फिरवायला लागतं आणि पुढची चाकं उचलली जातात. ओझ्याची साखळी खालच्या ड्रॉबारला (ट्रॅक्टरच्या मागे, खालच्या बाजूला असलेल्या ओढायच्या पट्टीला) असेल, तर नाक वर जाईल तसा ड्रॉबार खाली जातो आणि मागे खेचणारा जोर कमी होत जातो. तीच साखळी टॉप लिंकला (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याला) किंवा ॲक्सलला बांधली असेल, तर ओझंच ट्रॅक्टरला मागे पाडतं. उलटायला जेमतेम दीड सेकंद लागतो, आणि पाऊण सेकंद उलटून गेल्यावर क्लच दाबून काही उपयोग होत नाही. एवढ्या वेळात माणसाला काय होतंय हेसुद्धा कळत नाही. म्हणून रुतलेली गाडी टोचन करून काढायची असो की झाडाचं खोड ओढायचं असो, साखळी ड्रॉबारलाच. आधी ताणून घ्यायची, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडायचा. हिसका अजिबात नाही. रोल बार (ट्रॅक्टर उलटला तर माणसाला वाचवणारी सीटमागची कमान) असेल तर सीटबेल्ट लावलाच पाहिजे. नाहीतर माणूस बाहेर फेकला जाऊन त्याच बारखाली सापडतो.

आता ट्रॉली. हूकची पिन भोकाच्या मापाची हवी आणि तिच्या खाली लॉकची क्लिप हवीच. सळईचा तुकडा किंवा जुना बोल्ट घालून भागवणारे पुष्कळ आहेत. दोन चाकी ट्रॉलीत माल मागे सरकला की ट्रॉलीचा हुकात अडकणारा दांडा वर उचलला जातो. क्लिप नसेल तर पिन उडते, तीही नेमकी चढावर किंवा ट्रॉली खाली करताना. माल ॲक्सलच्या किंचित पुढे ठेवा, म्हणजे दांड्यावर थोडा भार राहील. फार पुढे ठेवलात तर ट्रॅक्टरचं नाक हलकं होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा भाग राहिला पाहिजे. ब्रेक नसलेली भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीहून जड नसावी आणि तीही ताशी ३२ किलोमीटरच्या आत न्यावी. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. रस्त्यावर निघताना दोन्ही ब्रेक पेडल एकत्र अडकवा. एकच दाबलं गेलं तर ट्रॅक्टर गर्रकन वळतो आणि मागची ट्रॉली त्याला ढकलते. उतारावर चढाचाच गिअर, आणि तो उतार सुरू होण्याआधी टाकायचा. क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये कधीही उतरायचं नाही.

हायड्रॉलिककडे, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेकडे, लोक जरा निर्धास्तपणे बघतात, कारण तिथे काही फिरताना दिसत नाही. पण पाइपात दीडशे ते दोनशे बार दाब असतो (एक बार म्हणजे चौरस सेंटिमीटरला जवळपास एक किलो). ट्रॉली उचलणारा जॅक १०० मिलिमीटर व्यासाचा धरा. दट्ट्याचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर. दीडशे बारला त्यातून जवळपास बारा टनांचा जोर निघतो. स्ट्रोक एक मीटरचा असेल तर तो जवळजवळ आठ लिटर तेल घेतो. म्हणून तेलाची पातळी जॅक पूर्ण खाली असताना बघायची आणि जॅक पूर्ण वर गेल्यावरही पंपाला तेल पुरतंय ना याची खात्री करायची. तेल कमी पडलं की पंप हवा ओढतो, किंचाळतो, तेलाला फेस येतो आणि ट्रॉली हिसके देत चढते.

सगळ्यात जास्त घोटाळा क्विक कपलरचा, म्हणजे ट्रॅक्टर आणि ट्रॉलीचे तेलाचे पाइप जोडणाऱ्या झटपट जोडाचा. जोडण्याआधी दोन्ही तोंडं फडक्याने पुसा. खडीचा एक कण आत गेला तरी व्हॉल्व्ह खराब होतो. कपलर अर्धवट बसला तरी ट्रॉली वर जाते, कारण पंपाचा दाब ट्रॉलीकडची गोळी (जोडातली तेल अडवणारी व्हॉल्व्हची गोळी) ढकलून उघडतो. परत येणारं तेल मात्र तीच गोळी बंद करतं. ट्रॉली वरच अडकते. अशा वेळी "काय झालं" म्हणून खाली वाकून बघणं सगळ्यात धोक्याचं. इंजिन बंद करा, लिव्हर हलवून ट्रॅक्टरकडचा दाब सोडा, बाजूला उभं राहून कपलर पुन्हा बसवून बघा. हाताने बसत नसेल तर हातोडा मारू नका, मिस्त्री बोलवा. वर उचललेल्या ट्रॉलीखाली काम करायचंच असेल, तर ती रिकामी हवी आणि खाली भक्कम टेकू हवा. जॅकवर भरवसा ठेवून कोणी आत शिरू नये.

अवजार सोडताना ते आधी जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, मग लिव्हर दोन्ही बाजूंना तीन-चार वेळा हलवा. इंजिन बंद झालं म्हणून पाइपातला दाब गेला असं होत नाही. सोडलेलं अवजार उन्हात राहिलं तरी आतलं तेल फुगून दाब चढतो आणि मग कपलर बसत नाही.

ट्रॉली सपाट, टणक जागेवरच खाली करा आणि फाळका आधी उघडा. वर बघा. विजेची तार असेल तर पुढे सरका. तारेला लागलीच, तर सीटवरच बसून राहा. आग लागली तरच दोन्ही पाय जोडून उडी मारा, आणि उडी मारताना ट्रॅक्टर व जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होऊ देऊ नका. नंतर पाय न उचलता घासत दूर जा.

पाइपातून तेल फवारतंय असं वाटलं तर हात फिरवून शोधू नका. पुठ्ठ्याचा तुकडा धरा. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारी धार कातडीत शिरते, हातमोजा तिला अडवत नाही. सुरुवातीला काटा टोचल्यासारखा एक ठिपका दिसतो आणि फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस घरी जातो. आत तेल पसरत असतं. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. दवाखान्यात गेल्या गेल्या "दाबाचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय" हे स्पष्ट सांगा आणि कोणतं तेल होतं तेही सांगा.